साताऱ्यातील स्त्रियांचा एक वर्ग आणि तिथे मिळालेली ओळख: एक सविस्तर अभिप्राय

शनिवार पेठेतील एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर स्त्रियांसाठी एक वर्ग चालतो. बाहेर पाटी नाही, वर्तमानपत्रात जाहिरात नाही. येणाऱ्या स्त्रियांच्या घरातल्या गोष्टी तिथे बोलल्या जातात, म्हणून नावे आणि नेमका पत्ता कुठे छापू नये, अशी वर्ग चालवणाऱ्या दोघींची इच्छा आहे आणि मी ती पाळते आहे. दोघींपैकी एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत, त्यांना सगळ्या जणी ‘बाई’ म्हणतात. दुसऱ्या समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या समुपदेशक, त्यांना ‘ताई’. दोन महिन्यांचा अभ्यासक्रम, आठवड्यातून दोन दुपारी तीन ते पाच ही वेळ, एका तुकडीत पंधरा-सोळा जणी आणि शुल्क पंधराशे रुपये. ज्यांना एकरकमी जमत नाही त्या हप्त्याने देतात आणि कोण हप्त्याने देते हे इतरांना कधीच कळत नाही. पैशांची बाब इतक्या जपणुकीने हाताळणारी माणसे बाकीच्या गोष्टीही जपून हाताळतील, असे मला तेव्हाच वाटले आणि ते खरे ठरले.

स्त्रियांच्या आत्मविश्वासासाठी म्हणून भरणाऱ्या शिबिरांची आता आपल्याकडे वाण नाही. मंगल कार्यालयात किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराचा कार्यक्रम असतो, डोळे मिटून काही आठवायला सांगतात, संगीत लागते, बायका रडतात आणि मोकळ्या होऊन घरी जातात. ते मोकळे होणे खोटे असते असे मी म्हणणार नाही, कारण कित्येकींना तेवढीही जागा मिळत नाही. परंतु ज्या घरात परत जायचे त्या घरातील पासबुक, सात-बारा, स्वयंपाकघराचे वेळापत्रक आणि निर्णय घेण्याची रीत जशीच्या तशी असेल, तर ते मोकळेपण फार दिवस पुरत नाही. शनिवार पेठेतील या वर्गाचे वेगळेपण नेमके इथे आहे. ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर मनात शोधण्याआधी तो कागदावर, दिवसाच्या तासांत आणि रोजच्या बोलण्यात शोधायला लावतो. मला हा मार्ग योग्य वाटतो आणि या अभिप्रायात मी मुख्यतः त्याविषयीच लिहिणार आहे.

पहिल्या दुपारी ओळख करून द्यायची असते. अट एकच, की सासर, माहेर, नवरा, मुले आणि त्यांच्या नोकऱ्या यांपैकी कशाचाही उल्लेख करायचा नाही. ऐकायला सोपे वाटते, पण गोडोलीहून आलेल्या एका बाईंनी आपले नाव सांगितले आणि त्यापुढे बराच वेळ त्यांना वाक्य सुचेना. बाईंनी घाई केली नाही. शेवटी गोडोलीच्या त्या म्हणाल्या, “मला गणित फार आवडायचं.” एवढे एकच वाक्य, पण ते बोलताना त्यांचा चेहरा जो बदलला तो सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर एकेक जण बोलू लागली. कोणाला पोहता येत होते, कोणी शाळेत कबड्डीची कर्णधार होती, कोणाला पेटी वाजवता येत होती आणि ती पेटी लग्नानंतर माहेरच्या माळ्यावर गेली ती गेलीच. यांतली एकही गोष्ट मोठी नाही, पण ती सांगणारीच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आले.

त्याच सत्रात नावाचा विषय निघाला आणि तो पुढे दोन दुपारी चालला. आपल्याकडे अनेक घरांत गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे. तुकडीत अशा चौघी होत्या, ज्यांचे पाळण्यातले नाव आता फक्त दहावीच्या गुणपत्रिकेवर उरले होते. दोघींना नवे नाव मनापासून आवडत होते आणि त्यांनी ते तसे सांगितले; बाईंनीही त्यावर काही शिकवायचा प्रयत्न केला नाही. उरलेल्या दोघींपैकी एक, करंज्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, म्हणाल्या की आईच्या शेवटच्या आजारपणात आईने जुन्या नावाने हाक मारली तेव्हा क्षणभर त्यांनी मागे वळून पाहिले, की दुसऱ्या कोणाला बोलावते आहे.

नावाच्या बाबतीत सातारा जिल्ह्याची स्वतःची एक आठवण आहे आणि बाईंनी ती नेमक्या वेळी काढली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशा’ असे नाव ठेवलेल्या २८५ मुलींना २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या समारंभात नवी नावे देण्यात आली. त्यांतील काहींनी आपले नाव स्वतः निवडले होते. बाई तेव्हा नोकरीत होत्या. शाळेच्या हजेरीपटावर आणि दाखल्यावर नाव बदलल्यावाचून नुसत्या समारंभाने काही होत नाही, हे त्यांनी त्या काळात जवळून पाहिले होते. वर्गात कागदांवर जो भर दिला जातो त्याचे मूळ मला त्या अनुभवात दिसते.

लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे तुकडीतील निम्म्याहून अधिक जणींना पहिल्यांदा कळले. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव अशी नोंद करण्याचा राज्य शासनाचा निर्णय सगळ्यांनी ऐकला होता. परंतु त्याच निर्णयात विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव नोंदवण्याची मुभा आहे, ही गोष्ट मात्र कोणाच्याच कानावर आलेली नव्हती. गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे अशी स्थिती असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे, त्याची प्रत जोडून बाकीचे कागद एकेक करून दुरुस्त करणे, हा क्रम ताईंनी फळ्यावर लिहून दिला. ज्या करंज्याच्या बाईंविषयी वर लिहिले, त्यांनी राजपत्रासाठी अर्ज केला आहे. आडनाव त्यांनी सासरचेच ठेवले, नाव मात्र पाळण्यातले परत घेतले. असे निम्मे-निम्मे निर्णय या वर्गात कोणी कमी प्रतीचे मानत नाही आणि मला ही त्याची मोठीच जमेची बाजू वाटते. स्त्रीने आपले मत शोधावे असे म्हणत शेवटी आपलेच मत तिच्या हाती ठेवणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. इथे तसे झाले नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकीला एक साधी वही ठेवायला सांगतात. दिवसातला कोणता तास कशात गेला एवढेच त्यात लिहायचे. शिवाय ‘विचारून सांगते’ हे शब्द आपल्या तोंडून कधी, कोणापाशी आणि कशाबद्दल निघाले याची नोंद करायची. या दुसऱ्या नोंदीने माझ्यावर सर्वांत जास्त परिणाम केला. भिशीत भाग घ्यायचा का, मैत्रिणीच्या मुलीच्या बारशाला कऱ्हाडला जायचे का, पडद्यांना कोणता रंग घ्यायचा, गुडघ्याचा फोटो (एक्स-रे) काढायचा का, या सगळ्यांना माझे उत्तर तेच होते. घरातील मोठ्या खर्चाबद्दल एकमेकांना विचारणे ही संसाराची रीतच आहे आणि ती दोन्ही बाजूंनी असली तर चांगलीच आहे. पण स्वतःच्या गुडघ्याच्या फोटोसाठीही मी ‘विचारून सांगते’ म्हणत होते आणि घरात कोणी तशी अपेक्षासुद्धा केलेली नव्हती, हे वहीत स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर त्याकडे डोळेझाक करता येत नाही. ताई अशा नोंदींवर टीका करत नाहीत. “यातलं कोणतं उत्तर तुम्हाला पुढच्या वेळी स्वतः द्यायला आवडेल?” एवढे विचारतात आणि पुढच्या आठवड्यात त्याची आठवण ठेवून चौकशी करतात.

वेळेच्या वहीतून आरोग्याचा विषय आपोआप पुढे आला. घरातील प्रत्येकाच्या गोळ्यांची वेळ तोंडपाठ असलेल्या बायकांना स्वतःचे हिमोग्लोबिन किती ते सांगता येत नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे ताईंनी सांगितले आणि सगळ्यांना तपासणी करून यायला लावले. सगळ्यांचे वाढून झाल्यावर तव्यावर राहिलेली शेवटची भाकरी ही आपल्याला पहिली मिळते, असे एका आजींनी त्या दिवशी सांगितले. त्यावर कोणी भाषण केले नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच येऊन सांगितले की घरात आता रात्री सगळे एकदम जेवायला बसतात आणि भाकऱ्या आधी करून ठेवतात.

वर्गाचा कणा म्हणजे कागदपत्रांची सत्रे. ती सातारा न्यायालयात वकिली करणाऱ्या एक बाई घेतात आणि विनामूल्य घेतात. येताना प्रत्येकीने आधार, पॅन, पासबुक, विम्याची पावती आणि असल्यास घराचा किंवा जमिनीचा उतारा आणायचा असतो. निम्म्या जणींना ते कागद घरात कुठे आहेत हेच माहीत नव्हते, त्यामुळे पहिला अभ्यास कपाट शोधण्याचाच झाला. नामनिर्देशित व्यक्तीला पैसे हातात मिळतात, पण त्यावर मालकी कोणाची हे वारसा कायदा ठरवतो, हा फरक त्यांनी उदाहरणे देऊन इतका स्वच्छ सांगितला की आता मी तो दुसऱ्याला सांगू शकते. पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सात-बारावर सहहिस्सेदार म्हणून लावता येणारी लक्ष्मीमुक्ती योजना, स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी एक टक्क्याची सवलत, यांचीही माहिती झाली. तीही कामाची आहे, पण हक्कसोडपत्राच्या, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाच्या, सत्राची सर दुसऱ्या कशाला नाही.

आपल्या भागात हा विषय किती नाजूक आहे हे वेगळे सांगायला नको. वडील गेले की तेराव्याच्या आसपास तलाठ्याकडची कामे निघतात, भाऊ कागद घेऊन येतो, बहीण सही करते, साडीचोळी होते आणि भाऊबीज चालू राहते. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली हिस्सेदार, झाली आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मुलीचे लग्न झाल्याने हा हक्क जात नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेचे मात्र ते हवे तसे मृत्युपत्र करू शकतात. वकील बाईंनी हे सगळे सांगितले आणि त्यानंतर ज्या प्रकारे चर्चा घेतली त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. सही करू नका असे त्या म्हणाल्या नाहीत. भावाची परिस्थिती बेताची आहे, त्याने आईवडिलांचे सगळे केले, म्हणून मी माझा हिस्सा आनंदाने सोडते, असे म्हणणारी बहीण कोणापेक्षा कमी जागरूक नाही. परंतु तिला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असले पाहिजे, कागद वाचायला दोन दिवस मिळाले पाहिजेत, आणि एकदा नोंदणी झालेले हक्कसोडपत्र दबाव किंवा फसवणूक सिद्ध केल्याशिवाय सहज रद्द होत नाही, हे सहीच्या आधी तिच्या कानावर आले पाहिजे. तुकडीतील एकीने तिथल्या तिथे भावाला फोन करून सांगितले, “दादा, कागद पाठव, वाचून मग सही करते.” पलीकडून काय उत्तर आले ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पण फोन ठेवल्यावर तिने पाणी मागितले आणि शेजारी बसलेल्या तिघी-चौघी एकदम उठल्या.

सही या विषयावर बाईंनी आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगितली, ती इथे नोंदवायला हवी. माण तालुक्यातील म्हसवड येथे ग्रामीण स्त्रियांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले तेव्हा प्रवर्तक म्हणून अंगठे उठवणाऱ्या बायका आहेत, या कारणाने रिझर्व्ह बँकेने आधी परवानगी नाकारली. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ज्या खंडाळा तालुक्यातील नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला, त्या तालुक्याच्या आणि म्हसवडच्या जिल्ह्यात राहून आपल्या पासबुकावरील नोंदी आपल्याला वाचता येऊ नयेत, हे आम्हाला सगळ्यांनाच लागले. वर्गाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत प्रत्येक जण स्वतः बँकेत जाऊन पासबुक भरून आली होती आणि ज्यांचे एकटीचे खाते नव्हते त्यांनी ते उघडले होते.

नकार द्यायचा सराव हे शेवटच्या टप्प्यातील सत्र आहे. दोघी-दोघी समोरासमोर बसतात. एक काहीतरी मागते, दुसरीने कारणे न देता, आवाज न चढवता आणि माफी न मागता ‘मला जमणार नाही’ म्हणायचे. हा सराव मला उपयोगी वाटला, पण त्याची मर्यादाही ताईंनी आधीच सांगितली, ते बरे झाले. ज्या घरात नकाराचे उत्तर मारहाणीने किंवा पैसे बंद करून मिळते तिथे वर्गातला सराव पुरत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि त्यात शारीरिक त्रासाबरोबर शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळही येतो; १८१ ही मदतवाहिनी आहे; आणि उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे शेवटचे वाक्य वकील बाईंनी दोनदा म्हटले, कारण मध्यमवर्गीय घरातील बायकांना आपण त्यात बसत नाही असेच वाटत असते.

आता जे खटकले ते. मधल्या एका दुपारी बाहेरून बोलावलेल्या एका प्रशिक्षक बाईंनी व्यक्तिमत्त्व विकासाचे सत्र घेतले. चेहऱ्याला कोणता रंग शोभतो, साडीची पिन कुठे लावावी, बोलताना किती हसावे, यात दोन तास गेले. नटण्याला माझा विरोध नाही. बाईमाणसाला आवडत असेल तर तिने हौसेने नटावे. पण महिनाभर ज्या वर्गाने आम्हाला ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारले, त्याच वर्गात ‘लोकांना तुम्ही कशा दिसाल’ हे ऐकावे लागणे मला अजिबात रुचले नाही आणि अभिप्रायाच्या कागदावर मी ते स्पष्ट लिहिले आहे. ती दुपार हिमोग्लोबिनला किंवा मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याच्या व्यवहाराला द्यायला हवी होती. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार आहेत, एवढी साधी गोष्टही घाईघाईत शेवटच्या पाच मिनिटांत उरकली गेली.

दुसरी उणीव वेळेची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. दुपारी तीन ते पाच ही वेळ गृहिणींना सोयीची असली, तरी औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या किंवा रोजंदारीवर भांगलायला जाणाऱ्या बायकांना ती अशक्य आहे. परिणामी आमच्या तुकडीत बहुतेक जणी एकाच थरातील होत्या. हक्कसोडपत्राचा आणि सात-बाराचा विषय ज्यांच्या आयुष्यात सर्वांत तातडीचा आहे त्या कोरेगाव, जावळी, पाटणकडच्या शेतकरी बायका इथपर्यंत पोहोचत नाहीत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. पण शेतावरून सुटका व्हायला हवी ना. रविवारची एक तुकडी किंवा महिन्यातून एकदा एखाद्या गावी कागदपत्रांचे एकच सत्र, असे काही करता येईल. बाईंनी मान डोलावली, पण दोघींच्या अंगावर किती काम आहे हेही मी पाहिले आहे.

वाड्याचा जिना अरुंद, लाकडी आणि उंच पायऱ्यांचा आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी चढताना वेळ घ्यावा. वर गेल्यावर बसायला खुर्च्या मिळतात, पण त्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात मागच्या खोलीत ओल येते. चहा चांगला असतो.

अभ्यासक्रम संपल्यावर पुढे काय, याची नीट व्यवस्था नाही, हीही तक्रार नोंदवते. आमच्यातील काही जणी महिन्यातून एकदा आपसांत भेटतात, परंतु तो आमचा उपक्रम आहे. घरात पहिला वेगळा निर्णय घेतल्यानंतर जी ओढाताण सुरू होते, ती वर्ग संपल्यावरच सुरू होते. त्या काळात एखादे भेटीचे सत्र हवेच हवे.

तरीही पंधराशे रुपयांत मिळणारे हे शिक्षण मी निःशंकपणे उत्तम म्हणते. विशेषतः ज्यांची मुले शिक्षणासाठी बाहेर गेली आहेत, ज्या नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत, ज्यांच्या माहेरी वाटणीचे बोलणे चालू आहे किंवा ज्यांच्या कागदांवर नावांचा घोळ आहे, त्यांनी वेळ काढावा. लेकीसुनेला बरोबर नेता येते. सासूसून एकाच तुकडीत असल्या तर वेगवेगळ्या गटात बसवतात, हेही योग्यच आहे. पुढची तुकडी संक्रांतीनंतर बसणार आहे. पहिली दुपार बघायला विनामूल्य बसता येते. येताना दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक शोधून ठेवावे, आणि घरी विचारण्याआधी आपल्याला जायचे आहे की नाही ते आधी ठरवून घ्यावे.